‘प्रसिद्धीस अयोग्य’

दिवाळीच्या साफसफाईची लाट घरात शिरली की तिचा पहिला तडाखा बसतो तो वयस्कर माणसांच्या कपाटांना. दोन वर्षांपूर्वी सुनेने माझ्या कपाटापुढे स्टूल मांडले, वरच्या फळीवरचा गठ्ठा खाली ओढला आणि धूळ झटकत विचारले, ‘‘आई, हे सगळं रद्दीत ना?’’ मी ‘हो’ म्हणणारच होते. अध्यापक विद्यालयात सत्तावीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडे कागद किती साचतात, हे तिच्या घरच्या माणसांनाच ठाऊक! जुन्या प्रश्नपत्रिका, पाठटाचणे, शिबिरांचे अहवाल, विद्यार्थ्यांची पत्रे. पण गठ्ठ्यातून एक तपकिरी फाइल घसरली आणि तिच्यातले सतरा टंकलिखित कागद फरशीवर पसरले.

त्यांना टाचलेला अठरावा कागद माझ्या हस्ताक्षरातला होता. निळी कार्बन कॉपी, कडांना विटलेली. तारीख ऑगस्ट १९९४ ची. शेवटची ओळ अशी : ‘सबब, प्रस्तुत लेख प्रसिद्धीस अयोग्य वाटतो.’

रद्दीचे काम त्या दिवशी तिथेच थांबले.

शोधनिबंध, परीक्षक, अभिप्राय या गोष्टींशी बहुतेक वाचकांचा संबंध येत नाही, म्हणून आधी त्या कारभाराविषयी थोडे सांगते. एखाद्याने संशोधन केले की तो ते लिहून संबंधित विषयाच्या नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक एकट्याच्या मताने निर्णय घेत नाही. तो निबंधावरचे नाव झाकतो आणि त्या विषयातल्या दोन-तीन जाणत्या माणसांकडे पाठवतो. परीक्षकाला लेखक कोण ते कळत नाही, लेखकाला परीक्षक कोण ते कळत नाही. परीक्षक वाचून कळवतो की हा छापावा, दुरुस्त करून छापावा किंवा साभार परत करावा. यात चार-सहा महिने सहज जातात. कामाचे पैसे मिळत नाहीत. मला एका संपादकांनी संक्रांतीला तिळगुळाची पुडी पाठवली होती, तेवढीच माझी कमाई.

ही रीत आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. लंडनमध्ये १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्ग याने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा काय छापायचे हे मुख्यतः तोच ठरवत असे. रॉयल सोसायटीने त्यासाठी समिती नेमली ती १७५२ मध्ये. आणि ‘नेचर’सारख्या जगन्मान्य साप्ताहिकाने प्रत्येक शोधनिबंध बाहेरच्या परीक्षकांना दाखवण्याचा नियम केला तो थेट १९७३ साली. म्हणजे मी नोकरीला लागले त्याच्या आसपास.

माझा विषय वाचन-लेखनाचे शिक्षण. लहान मुलांचे आणि प्रौढांचेही. या विषयाची एक गंमत अशी की, कुठल्याशा त्रैमासिकात छापून आलेला निबंध दहा वर्षांनी प्रशिक्षण शिबिरात येतो, पंधरा वर्षांनी पाठ्यपुस्तकात येतो आणि मग आपल्या नातवाच्या दप्तरात जाऊन बसतो. नातवाला त्याचा पत्ता नसतो. जे छापले गेले नाही तेही असेच कुठे तरी नसते, आणि त्याचा तर कोणालाच पत्ता नसतो.

परीक्षण या प्रकाराची मला आधी भीती होती, नंतर मात्र गोडी लागली. ती कशी लागली ते सांगायला हवे, नाही तर पुढची हकिगत एकांगी वाटेल.

नव्वदच्या दशकाची सुरुवात आठवा. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये सुरू झाले होते. केरळातला एर्नाकुलम जिल्हा १९९० साली संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि देशभर जणू चढाओढ लागली. १९९१ च्या जनगणनेत देशातले साक्षरतेचे प्रमाण ५२.२१ टक्के निघाले होते, त्यामुळे चढाओढीला कारणही होते. आमच्याही जिल्ह्यात मोहीम निघाली. संध्याकाळी देवळात, समाजमंदिरात, कुणाच्या ओटीवर कंदील लावून वर्ग भरत. तीन भागांच्या पुस्तिका होत्या. साक्षर कोणाला म्हणायचे याचे मिशनने ठरवलेले निकष होते. मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनात वाचताना ३५, पाहून लिहिताना ७ आणि ऐकून लिहिताना ५. मी आमच्या भागातल्या एका गावातल्या बायांची या निकषांवर चाचणी घेतली. निकाल दृष्ट लागावा असा आला. मी हौसेने निबंध लिहिला आणि पाठवून दिला.

पाच महिन्यांनी परीक्षकाचा अभिप्राय आला. बाकी सगळे किरकोळ होते, एकच ओळ मला टोचली : ‘या स्त्रियांना पुस्तिकेबाहेरचा मजकूर वाचायला दिला होता काय?’

नव्हता दिला. मला ते सुचलेच नव्हते. मनातून राग आला. कोण हा शहाणा, याने कधी कंदिलाच्या उजेडात वर्ग घेतलाय का, असे काहीबाही मी घरी बोललेही. पण पुढच्या रविवारी पिशवीत रेशनकार्ड, औषधाचे वेष्टन, एक पोस्टकार्ड आणि लग्नपत्रिका घालून पुन्हा त्या गावी गेले. आधी पुस्तिका दिली. एक बाई धडा खडाखडा वाचत होत्या आणि त्यांचे बोट भलत्याच ओळीवर होते. आठ महिने ऐकून ऐकून धडा पाठ झाला होता! पोस्टकार्ड पुढे केल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे न्हाई शिकिवलं आमाला.’’ अर्ध्याहून अधिक जणींची हीच गत. उलट पुस्तिकेत सारखी अडखळणारी एक म्हातारी होती. तिने लग्नपत्रिकेवरचे गावाचे नाव एका दमात वाचले, कारण त्या गावाला तिची लेक दिली होती आणि एस.टी.ची पाटी तिला वाचावीच लागे.

मी निबंध पुन्हा लिहिला. निष्कर्ष पार बदलला. तो छापून आला तेव्हा मोहिमेतले एक साहेब मला म्हणाले, ‘‘बाई, आमचा आकडा बिघडवलात.’’ पण त्या अनामिक माणसाच्या एका प्रश्नाने मला खोटे लिहिण्यापासून वाचवले होते. तो कोण, हे मला आजतागायत कळलेले नाही. बाई होती की बुवा, तेही नाही.

पुढे मलाच परीक्षक म्हणून निबंध येऊ लागले, आणि माझी मान थोडी ताठ झाली.

आता ती तपकिरी फाइल. १९९४ च्या पावसाळ्यात एका त्रैमासिकाकडून पाकीट आले. आत मराठीतला सतरा पानी लेख. लेखकाच्या नावावर संपादकांनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. त्या काळात नाव झाकण्याची तीच पद्धत होती. तालुक्याच्या टंकलेखन संस्थेत टाइप करून घेतल्यासारखा मजकूर, रफार आणि अनुस्वार शाईने वर काढलेले. लेखक कोणी आदिवासी भागातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आहेत एवढे कळत होते. पहिलीत दाखल झालेल्या तेवीस मुलांची त्यांनी दोन वर्षे दर शनिवारी वहीत नोंद केली होती. कोणते मूल कोणत्या शब्दाला अडले, काय म्हणाले, बोट कुठे थांबले.

आज ती पाने वाचताना अंगावर शहारा येतो. गुरुजींनी लिहिले होते की मुले पहिल्या वेलांटीला अडतात, दुसरीला तितकी नाही. कारण साधे आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि अक्षर मागून; बोलताना मात्र ‘क’ आधी आणि ‘इ’ मागून. बोट ठेवून वाचणारे मूल वेलांटीपाशी पोचते तेव्हा तिच्यासाठी त्याच्याजवळ अक्षरच नसते. मग ते थांबते, नाही तर ती वेलांटी मागच्या अक्षराला बहाल करते. ‘कविता’ची ‘किवता’ होते. रफाराचे याच्या उलट. उच्चारात र आधी, कागदावर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून ‘वर्ग’चा ‘वगर’ आणि ‘सूर्य’चा ‘सूयर’. गुरुजींनी यावर उपायही सुचवला होता. दुसरी वेलांटी आधी शिकवावी, पहिली मागाहून. नावे खुशाल उलटी असोत! शिवाय त्यांनी ‘चमचा’ आणि ‘चिमणी’तल्या दोन वेगळ्या ‘च’ची दखल घेतली होती. घरी ज्यांच्या तोंडी ‘पानी’ आहे त्या मुलांपुढे ‘पाणी’ कसे ठेवावे, याचा विचार केला होता. ‘नळ’ शब्दापुढे नळाचे चित्र असूनही मुलांना ते कळत नाही, कारण पाड्यावर नळच नाही, हेही एका कंसात येऊन गेले होते.

आणि मी काय लिहिले? नियंत्रित गट नाही. पूर्वसंशोधनाचा आढावा नाही. नमुना लहान व एकाच शाळेतला. संख्याशास्त्रीय कसोटी लावलेली नाही. भाषा अनौपचारिक. हे पाचही आक्षेप नियमाला धरून होते, आणि त्यांच्याबद्दल मी आजही फारशी माफी मागणार नाही. पण सहावे वाक्य माझे स्वतःचे होते : ‘देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी असल्याने लेखकाने वर्णिलेली अडचण तत्त्वतः संभवत नाही.’

तत्त्वतः! तेवीस मुले तिकडे बोट ठेवून अडत होती आणि मी इकडे टेबलाशी बसून ती अडूच शकत नाहीत असे ठरवून मोकळी झाले. त्या वर्षी माझे पीएच.डी.चे काम चालू होते. टेबलावर इंग्लंड-अमेरिकेतली वाचनशास्त्राची पुस्तके होती. इंग्रजीतले स्पेलिंग बेभरवशाचे, त्या मानाने आपली लिपी कशी सरळ, हे त्यांत कुठे कुठे कौतुकाने म्हटलेले असे आणि मला ते वाचून बरे वाटे. परीक्षकाच्या अज्ञानाला असे परदेशी शिफारसपत्र मिळाले की ते फार ठाम होते.

या प्रकरणाला पुढे पाय फुटले. जगात इतर ठिकाणी लोक काम करतच होते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता या दोघींचा देवनागरीतल्या शब्दवाचनावरचा निबंध २००२ मध्ये ‘ब्रेन अँड लँग्वेज’ या नियतकालिकात आला. त्यांनी अभ्यास केला होता हिंदी वाचकांचा. स्वरचिन्हाची कागदावरची जागा आणि उच्चारातला क्रम जिथे जुळत नाही, असे शब्द वाचायला अधिक वेळ लागतो, असे त्यांना दिसले. म्हणजे आपली पहिली वेलांटी! त्यानंतर २००७ मध्ये सोनाली नाग यांचा कन्नड वाचनावरचा निबंध ‘जर्नल ऑफ रिसर्च इन रीडिंग’मध्ये आला. इंग्रजी मुलाला सव्वीस अक्षरे ओळखायची असतात. आपल्याकडे बाराखड्या आणि जोडाक्षरे धरली तर चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. ती आत्मसात व्हायला पहिली-दुसरीची वर्षे पुरत नाहीत, काम चौथीपर्यंत चालूच राहते, असे त्यांनी दाखवले. आणि २००८ मध्ये इस्राएलमधल्या डेव्हिड शेअर यांनी ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये सगळ्या वाचनशास्त्राचेच कान धरले. इंग्रजी ही लिपी-लेखनाच्या बाबतीत जगावेगळी भाषा. तिच्यावरच्या संशोधनाने जगभरच्या मुलांचे वाचन मोजणे चूक आहे, असा त्यांचा रोख होता.

वैद-गुप्तांचा निबंध मी एका ग्रंथालयात झेरॉक्स काढून वाचला, २००५ च्या सुमारास. दुसऱ्याच पानावर मला गुरुजींची ‘किवता’ आठवली. खोटे कशाला सांगू, मी तेव्हा काहीही केले नाही. फाइल कुठे असेल कोण जाणे, गुरुजींचे नावही माहीत नाही, असे स्वतःला सांगून मी झेरॉक्स दुसऱ्या एका फाइलीत ठेवली. आम्हा शिकवणाऱ्या माणसांकडे लाज ठेवायला फाइली पुष्कळ असतात.

आता कोणी विचारील, मग हे परीक्षण हवेच कशाला? हा प्रश्न दुसऱ्यांनीही विचारला आहे. अमेरिकेतल्या डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक खोडसाळ पण उपयोगी प्रयोग केला. नामांकित नियतकालिकांत आधीच छापून आलेले बारा निबंध त्यांनी लेखकांची आणि संस्थांची नावे बदलून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. तीनच ठिकाणी चोरी पकडली गेली. उरलेल्या नऊ निबंधांपैकी आठ नाकारले गेले, आणि कारण बहुतेकदा असे की संशोधनपद्धतीत गंभीर दोष आहेत! ही हकिगत त्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. मी ती वाचून हसले होते. माझ्या टेबलावरही तेच घडू शकेल असे तेव्हा वाटले नाही.

पण परीक्षण नसले की काय होते, तेही गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे पाहायला मिळाले. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक तरी शोधनिबंध छापून आलेला असावा, असा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केला. पुढच्या वर्षी प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांचे गुण मोजणे सुरू झाले. हेतू चांगला असेलही. परिणाम असा की, पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके गल्लोगल्ली उगवली. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका संध्याकाळी फोनवर रडवेली होऊन म्हणाली, ‘‘बाई, दोन दिवसांत स्वीकारतो म्हणतात, पैसे भरू का?’’ तिचा विषय चांगला होता, काम प्रामाणिक होते. मी म्हटले, ‘‘अगं, तुझा निबंध कोणी वाचणार आहे का तिथे?’’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘वाचण्यासाठी नाही हो बाई, गुणांसाठी.’’ तिने पैसे भरले. मी तिला दोष देत नाही, घरी दोन मुले आणि हंगामी नोकरी होती.

आयोगाने मे २०१८ मध्ये मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्याच वर्षी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात ‘केअर’ यादीचे काम सुरू झाले. पीएच.डी.साठीची सक्ती २०२२ च्या नियमांत गेली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती ‘केअर’ यादीही बंद झाली. एवढ्या उलथापालथीत खरोखर वाचणारा परीक्षक वाढला की घटला, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ठरवावे. माझ्या ओळखीतल्या संपादकांची तक्रार एकच, निबंध ढीगभर येतात आणि वाचायला माणूस मिळत नाही.

तर पुन्हा फरशीवर पसरलेल्या कागदांकडे. पहिल्या पानावरच्या पांढऱ्या पट्टीचा डिंक तीस वर्षांत वाळून गेला होता. मी बोट लावले मात्र, पट्टी आपली आपण सुटून आली. खाली गुरुजींचे नाव, शाळेचे नाव, पाड्याचे नाव. सून म्हणाली, ‘‘कोण हो हे?’’ मी म्हटले, ‘‘माझ्याकडून राहिलेलं एक काम.’’

अध्यापक विद्यालयात शिकवण्याचा एक फायदा असतो. महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात आपला एखादा विद्यार्थी शिक्षक असतोच. दोन दिवसांत फोन आला. गुरुजी निवृत्त होऊन जव्हारजवळच्या आपल्या गावी राहतात, प्रकृती बरी आहे, डोळ्यांनी कमी दिसते. जानेवारीत नाशिकला भाचीचे लग्न होते. दुसऱ्या दिवशी मुलाला म्हटले, गाडी घाटाने जव्हारकडे घे.

सारवलेली ओटी, कोपऱ्यात भाताची कणगी. सुनेने कोरा चहा आणून ठेवला. मी आधी वाटेवरच्या गप्पा मारल्या, मग पिशवीतून फाइल काढली आणि सगळे सांगून टाकले. गुरुजी बराच वेळ हसत राहिले.

‘‘म्हणजे ते पत्र तुमचं होय बाई! त्यातला ‘नियंत्रित गट’ मला काही उमगेना. केंद्रप्रमुखांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. मग कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं की निम्म्या मुलांना तुमच्या पद्धतीनं शिकवायचं आणि निम्म्यांना जुन्या. मी म्हटलं, तेवीस पोरं, एक खोली, एक फळा. निम्म्यांनी काय कानात बोटं घालून बसायचं?’’

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते मला १९९४ मध्ये निदान अर्धे तरी सुचायला हवे होते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची पाहणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, तिचा निबंध २००७ साली आला. मागे पडलेल्या मुलांना शाळेतच एखादी तरुण मुलगी वेगळे शिकवते, असा तो उपक्रम. बडोद्यात त्यांनी काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काही शाळांत चौथीला, आणि तुलना केली ती एका शाळेच्या तिसरीची दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी. एकही शाळा वंचित राहिली नाही. ‘शेजारच्या पाड्यावरच्या शाळेतल्या मुलांकडूनही हेच शब्द वाचवून घ्या,’ एवढे एक वाक्य मी लिहिले असते तरी गुरुजींनी सायकल काढली असती. ते तसे म्हणालेही. मी फक्त ‘नाही’ असे लिहिले.

मी त्यांना वैद-गुप्तांचा निबंध समजावून सांगितला. वाड्याला, म्हणजे तिथून हाकेच्या अंतरावर, शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीतल्या मराठी मुलांचा सलग अभ्यास केला, तेच कर्नाटकात यादगीरला कन्नड मुलांबाबत केले आणि २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला, हेही सांगितले. वर्गात सगळा जोर अक्षरे घोटण्यावर, अर्थाकडे लक्ष कमी, असे त्यात म्हटले आहे. गुरुजींनी मान हलवली. ‘‘बरं झालं, कोणी तरी पाहिलं,’’ म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

‘‘तुमच्या त्या वह्या आहेत?’’ मी विचारले.

‘‘कुठल्या बाई! शाळेचं छप्पर गळलं त्या साली सगळं गेलं. आणि ही टाइप केलेली प्रत संपादकांनी परत पाठवलीच नव्हती.’’

म्हणजे जगात त्या दोन वर्षांची एकच प्रत उरली होती, आणि ती मी नापास करून फाइलीत दाबून ठेवल्यामुळे उरली होती.

गुरुजींनी भिंग मागवले आणि लेख वाचायला घेतला. पान पान, सावकाश. मधे कुठे तरी स्वतःशीच ‘किवता’ म्हणून हसले. मी चहा संपवला, मुलाने दोनदा घड्याळ पाहिले. चौदाव्या पानावर ते थांबले. तिथे एक तक्ता होता.

‘‘इथं चूक आहे, बाई.’’

‘‘कसली?’’

‘‘सुरुवातीला तेवीस मुलं लिहिलीत. तक्त्यात वीसच आहेत.’’

मी भिंग घेऊन पाहिले. वीस होती. मी हा लेख १९९४ मध्ये दोनदा वाचला होता, दिवाळीत तीनदा. नमुना लहान आहे हे ठसक्यात लिहिले होते. तो आणखी लहान कुठे झाला, हे मला दिसले नव्हते.

‘‘तिघं जण दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मी त्यांना गळती धरलं. पण ते जूनमध्ये परत आले होते. सात महिने पुस्तक हातात नव्हतं, आणि त्यातला एक जण पहिल्या वेलांटीला अडत नव्हता. असं का, ते मी तेव्हा बघायला पाहिजे होतं. वीस मुलांवरचा माझा हिशेब त्यानं बिघडत होता, म्हणून मी सोडून दिलं. तुम्ही विचारलं असतं तर मला लिहावं लागलं असतं.’’

मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि त्या तिघांची नावे विचारली. गुरुजींनी डोळे मिटून एकेक नाव सांगितले. दोन मुलगे, एक मुलगी. मी ती चौदाव्या पानाच्या समासात लिहिली. तिसरे नाव मी चुकीचे लिहीत होते. त्यात पहिली वेलांटी होती, ती त्यांनी माझ्याकडून दुरुस्त करून घेतली.